नांगराला हात घातल्यावर

लूकच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायाच्या अखेरीस येशूला वाटेत तीन माणसे भेटतात. पहिला आपणहून मागे यायला निघतो. त्याला सांगितले जाते की ह्या वाटेवर रात्रीच्या निवाऱ्याचीही शाश्वती नाही. दुसऱ्याला आधी बापाला मूठमाती द्यायची आहे. तिसऱ्याला फक्त घरी जाऊन निरोप घ्यायचा आहे, आणि त्याला नांगर धरून मागे वळणाऱ्याबद्दलचे ते कडक बोल ऐकावे लागतात. पुढे ही माणसे आली की परतली, हे लूक लिहीत नाही.

तिघांपैकी एकानेही वाईट काही मागितलेले नाही. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा तर देवानेच दिलेली. तरी अडले ते तिथेच. उपदेशांतून शिष्यत्वाचे अडथळे सांगायला सुरुवात झाली की दारू, पैसा, वाईट संगत अशी यादी ठरलेली असते. ती खोटी नाही, पण फार वरवरची आहे. भल्या माणसाला अडवतात त्या भल्याच गोष्टी: घर, कर्तव्य, लोकांचे प्रेम, आणि पुढेपुढे तर त्याने देवासाठी केलेला त्याग. म्हणूनच शिष्यत्वाला नेमके काय आड येते, ह्या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्ती विचारात एका जागी थांबलेले नाही. त्या उत्तराचा प्रवास पाहिला तर आज आपण कुठे अडलो आहोत तेही थोडे दिसते.

सुरुवातीचा नमुना अर्थातच मार्कच्या दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस. तो धावत येतो, गुडघे टेकतो, बालपणापासून आज्ञा पाळल्याचे सांगतो. येशू त्याच्याकडे पाहतो आणि त्याला त्याच्याविषयी प्रीती वाटते. हे एवढे वाक्य मार्कच लिहितो, मत्तय आणि लूक गाळतात. मग सर्वस्व विकून गोरगरिबांना देण्याची गोष्ट निघते आणि तो खिन्न होऊन जातो. ह्या प्रसंगाने पुढच्या मंडळीला कधी स्वस्थ बसू दिले नाही. २०० सालच्या सुमारास आलेक्सांद्रियाच्या क्लेमेंटने कोणता श्रीमंत तरू शकेल ह्या प्रश्नावर एक स्वतंत्र लेखन केले. त्याच्या मंडळीत पैसेवाले लोक येऊ लागले होते आणि हा उतारा ऐकून ते धास्तावत होते. क्लेमेंटने त्यांना धीर दिला: टाकायची ती मालमत्ता नव्हे, मालमत्तेची हाव. धनाचा उपयोग भुकेल्याला अन्न देण्यासाठी होतोच की.

क्लेमेंटचे म्हणणे चुकीचे आहे असे मला वाटत नाही. पण त्यात एक पळवाट राहून गेली आणि तिच्यातून आजवर असंख्य लोक निसटले. मनातून सोडले आहे असे म्हणायचे आणि हातात घट्ट धरून ठेवायचे, हे त्यानंतर फार सोपे झाले.

सुमारे २७० साली इजिप्तमधल्या अँटनी नावाच्या तरुण जमीनदाराने तोच प्रसंग मंडळीत वाचताना ऐकला आणि अक्षरशः पाळला. जमीन वाटून टाकली, धाकट्या बहिणीला धर्मनिष्ठ कुमारिकांकडे सोपवले आणि स्वतः एकांताकडे वळला. चौथ्या शतकात रोमन सम्राटच ख्रिस्ती झाल्यावर तर छळाची भीती सरली आणि ख्रिस्ती असणे प्रतिष्ठेचे ठरू लागले. तेव्हा हजारोंनी वाळवंटाची वाट धरली. घर नाही, बायको नाही, पैसा नाही, पद नाही. अडथळे सगळे मागे राहिले असे वाटावे अशी स्थिती.

तिथे काय घडले ते इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने लिहून ठेवले आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस तो त्याच वाळवंटात राहत होता. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान एकांतातल्या माणसावर जे येते, त्याचे त्याने केलेले वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते. दिवस संपता संपत नाही. खिडकीशी जाऊन जेवणाच्या वेळेला किती अवकाश आहे ते सूर्याकडे पाहून जोखायचे, पुन्हा आत यायचे, पुन्हा बाहेर डोकवायचे की शेजारच्या कुटीतला कुणी भाऊ येतो आहे का. मग ह्या जागेचा तिटकारा, हातातल्या कामाचा तिटकारा. इथल्या माणसांत प्रेम उरलेले नाही असे वाटू लागते. घरची आठवण येते. पुढे किती वर्षे अशी काढायची आहेत त्यांचा डोंगर दिसतो. आणि ह्या सगळ्यावर मात केलीच, तर मागून गर्व येतो, आपण मात केली ह्याचा. इव्हाग्रियसने असे आठ कुविचार नोंदले आणि त्यांत गर्व सर्वांत शेवटी ठेवला.

इथे अडथळ्याच्या कल्पनेने पहिले मोठे वळण घेतले. घरदार सोडून आलेला माणूस स्वतःला सोबत घेऊन आला होता. पुढच्या शतकांत फ्रान्सिसने १२०६ साली असिसीच्या बिशपसमोर अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या हवाली केले. लूथरने आधी मठ जवळ केला, मग तो सोडून १५२५ साली लग्न केले आणि चांभाराचा धंदा आणि आईचे कामही देवाची सेवाच आहे असे शिकवले. एकाने घराबाहेर पडून, दुसऱ्याने घरात परतून त्याच प्रश्नाशी झुंज दिली. दोघेही खरे होते, आणि दोघांच्याही अनुयायांनी पुढे त्यातून सोय शोधली.

मला अधिक बोलायचे आहे ते महाराष्ट्राबद्दल, कारण इथे हा सगळा इतिहास शेसव्वाशे वर्षांत पुन्हा नव्याने घडला, आणि आपल्या भाषेत लिहिला गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मराठी माणसाने ख्रिस्ती होणे म्हणजे काय होते, हे समजायला १८४३ सालचे शेषाद्री प्रकरण पुरे. नारायण शेषाद्रींनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजून मुलगाच होता. तो पाद्र्यांकडे राहिला म्हणून कोर्टात दावा झाला आणि कोर्टाने त्याला आईबापांच्या ताब्यात दिले. मग त्याला जातीत परत घ्यायचे की नाही ह्यावरून ब्राह्मणांत दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनाही त्याचा त्रास झाला. १८५० च्या कायद्याने धर्म बदललेल्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला. पण आईच्या पंक्तीला बसण्याचा हक्क कोणता कायदा देणार?

बेळगावचे बाबा पदमनजी ह्या काळातून गेले. ‘अरुणोदय’ ह्या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच्या चालढकलीचा हिशेब मोठ्या प्रामाणिकपणे मांडला आहे. बुद्धीला पटले होते, पाय उचलत नव्हता. दरम्यान ते परमहंस मंडळीत होते. ती मंडळी गुप्त होती. जातिभेद मोडायचा, पण दार लावून. सभासदाने पाव खाल्ला की जात मोडली, आणि बाहेर पडल्यावर तो पुन्हा जातीतला. रात्रीच्या अंधारात येशूला भेटायला येणाऱ्या निकदेमाची गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात आहे. ती मंडळी म्हणजे निकदेमांचा मेळावाच होता. बाबांना हा चोरटेपणा सोसेना. १८५४ साली त्यांनी बेळगावात बाप्तिस्मा घेतला. परमहंस मंडळी पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटताच मोडली. बाबांच्या दृष्टीने खरा अडथळा होता लोकलज्जा, आणि ती जाण्याचा एकच उपाय होता: उघड्यावर येणे. त्या पिढीला हे उत्तर अगदी रास्त होते.

मात्र ह्या इतिहासाची एक बाजू आपण कमी सांगतो. बाबा पदमनजी, शेषाद्री, कवी नारायण वामन टिळक ह्यांच्याकडे सोडण्यासारखे काहीतरी होते. जात, मान, विद्येचा अधिकार. त्यांनी ते सोडले म्हणून ते त्यागी ठरले, आणि तसे ते होतेच. पण मराठी मंडळ्यांतले बहुसंख्य लोक महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आले. नारायण शेषाद्रींनीच जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले, ते मुख्यतः मांग कुटुंबांसाठी. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या १८७६-७७ च्या दुष्काळानंतर भराभर वाढल्या. ह्या लोकांबद्दल बोलताना, ते पोटासाठी आले, हे वाक्य हिंदू शेजाऱ्यांनी म्हटले आणि पुष्कळ मिशनऱ्यांनीही चिंतेने म्हटले. त्यांनी काय सोडले हे मात्र फारसे कुणी विचारले नाही. गावकीतले काम नाकारले की बलुते जायचे, आणि बलुते गेले की वर्षाची भाकरी जायची. पाटलाचा राग ओढवून घेणे म्हणजे काय, हे ज्याच्या मागे मिशनचा बंगला नाही अशा वाडीवरच्या माणसाला विचारावे.

मार्कच्या त्याच दहाव्या अध्यायात शेवटी बार्तीमय येतो. तो आंधळा भिकारी, यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला. येशू बोलावतो म्हटल्यावर तो अंगावरचे वस्त्र टाकून उठतो, आणि दृष्टी आल्यावर त्याच वाटेने येशूच्या मागे चालू लागतो. भिकाऱ्याचे वस्त्र म्हणजे त्याचे अंथरूण-पांघरूण, त्याचा सगळा संसार. श्रीमंत माणूस परत गेला त्याच अध्यायात बार्तीमय मागे आला आहे. आमच्या उपदेशांत श्रीमंताची गोष्ट शंभरदा येते. बार्तीमयाच्या वस्त्राकडे क्वचित कुणी पाहते. वाडीवरच्या त्या पहिल्या पिढीने टाकलेली वस्त्रे मंडळीच्या इतिहासात नोंदली गेली नाहीत, ही मला मोठी उणीव वाटते. आणि त्यांच्यासाठी शिष्यत्वाचा पहिला अर्थ सोडणे हा नव्हताच. ताठ उभे राहणे हा होता. ज्याला कधी कुणी हाक मारून बोलावले नव्हते, त्याला नावाने हाक आली होती.

पंडिता रमाबाईंनी ह्या विचारात जी भर घातली ती अजून आपल्या पचनी पडलेली नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधीच आई, वडील, भाऊ, नवरा सगळे गेले होते. सोडायला घर असे उरलेच नव्हते. पदरी लहानगी मनोरमा. तिथल्या मठवासी भगिनींशी, विशेषतः सिस्टर जेराल्डिनशी, त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचताना एक विलक्षण गोष्ट दिसते. भगिनींच्या दृष्टीने शिष्यत्वातला अडथळा होता रमाबाईंचा ताठा: ह्या बाईला प्रत्येक शिकवण स्वतः तपासून घ्यायची असते, ती मांस खात नाही, चर्चचा शब्द शेवटचा मानत नाही. रमाबाईंच्या दृष्टीने अडथळा होता तो नेमका उलटा: देवाच्या आणि आपल्यामध्ये माणसांचा अधिकार येऊन बसणे. ब्राह्मणी अधिकार सोडून बिशपचा पत्करायचा असेल तर मिळवले काय?

ह्या भांडणात मी रमाबाईंच्या बाजूचा आहे. पण त्यांचे मोठेपण त्या तिथेच थांबल्या नाहीत ह्यात आहे. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी सांगितले की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपण ख्रिस्ती धर्म मिळवला होता, खुद्द ख्रिस्त मिळवलेला नव्हता. त्या वेळपर्यंत त्या जगप्रसिद्ध होत्या. अमेरिकेत व्याख्याने झाली होती, पुस्तक गाजले होते, १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झाले होते. म्हणजे सुधारकाचे यश, विद्वत्ता, धर्मांतराचे धैर्य, हे सगळे हाताशी असताना आत पोकळी होती, आणि ती त्यांनी जाहीरपणे कबूल केली. १८९१ च्या आसपास त्यांना ती भरून आल्याचा अनुभव आला. मग १८९३ साली, सदन पुण्याला आल्यानंतर, तिथे वादळ उठले: सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसतात. रमाबाई प्रार्थना आपल्याच खोलीत करत, पण दार लावून घेत नसत. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर संस्था सुखात चालली असती. परमहंस मंडळीच्या लावलेल्या दारापासून हे उघडे दार फार लांबचे आहे. त्यानंतरच्या दुष्काळात त्यांनी केडगावला शेकडो मुलीबाळी आणल्या आणि ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे घातली.

नारायण वामन टिळकांपाशी आले की ह्या कथेत प्रथमच दुसरा माणूस बोलू लागतो. आजवर सोडून जाणाऱ्यांनी लिहिले होते. ज्यांना सोडले त्यांनी नव्हे. अँटनीच्या धाकट्या बहिणीला काय वाटले, हे अथनाशियसने लिहिलेल्या चरित्रात सापडत नाही. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना काय वाटले ते मात्र ‘स्मृतिचित्रे’ ह्या त्यांच्या आत्मचरित्रात आहे.

टिळकांना १८९३ साली आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरले ते कायमचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेता. शिष्यत्वाच्या जुन्या मोजपट्टीने पाहिले तर टिळकांनी कसोटी पार केली: बायको, मूल, जात ह्यांच्यापेक्षा ख्रिस्त मोठा मानला. पण किंमत कुणी भरली? लहान दत्तूला घेऊन नाशिक, पंढरपूर असे नातलगांच्या आधाराने दिवस काढणाऱ्या त्या बाईने. नवरा जिवंत आहे, प्रेमाची पत्रे पाठवतो आहे, आणि तरी ती एकटी आहे. ते पान वाचून लूकच्या त्या तिसऱ्या माणसाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. निरोप घ्यायला घरी गेला असता तर त्या घरात कोण होते? येशूचे बोल खोटे ठरत नाहीत, पण त्यांचा भार कुणाकुणावर पडतो हे विचारायला लक्ष्मीबाईंनी शिकवले.

त्यांची स्वतःची वाटचाल तर मला मराठीतल्या कोणत्याही धर्मांतरापेक्षा अधिक मोलाची वाटते. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे आल्या, ते सोवळ्यासकट. स्वयंपाकपाणी वेगळे, शिवाशिव पाळायची. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग एका रात्री पडल्या पडल्या विचार सुरू झाला: जाती देवाने केल्या की माणसांनी? जन्म सगळ्यांचा सारखा, मरण सारखे, तर मध्येच हे भेद आले कुठून? विचार करता करता गाठ सुटली आणि त्यांनी ठरवले की यापुढे कुणाच्याही हातचे खायचे. कुणी उपदेश केला नव्हता, स्वप्न पडले नव्हते, आवाज आला नव्हता. स्वतःच्या अकलेने, रात्रीच्या काळोखात, एका बाईने पिढ्यान्‌पिढ्यांचे ओझे खाली ठेवले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागून गेली असे म्हणणारे हे पान वाचलेले नसतात.

लक्ष्मीबाई आल्यावर ते घर भरत गेले. पोरकी मुले येत राहिली, टिळक हातातले देऊन टाकत राहिले, आणि महिना कसा निभवायचा ते बाई पाहत राहिल्या. दातृत्वाचा मान टिळकांचा आणि काटकसरीचा भार बाईंचा, हे वाटप न्यायाचे नव्हते. तरी त्या घराने काहीतरी साध्य केले. ज्यांचे आप्त तुटले त्यांना आप्त मिळाले.

टिळकांना मात्र शेवटपर्यंत एक सल राहिली. मिशनचा पगार, मिशनची मते, मिशनची घरे. ख्रिस्ताच्या शिष्यात आणि त्याच्या देशबांधवांत ही भिंत उभी राहते असे त्यांना दिसू लागले. ज्याने जात सोडली त्याला आता मिशन सोडावे असे वाटले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणारा हा कवी १९१७ साली पगार सोडून मोकळा झाला आणि साताऱ्याला त्याने ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे त्यात भाऊ. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि दरबार फार पुढे गेला नाही. पण ती कल्पना मला त्यांच्या कवितेइतकीच मोठी वाटते. एकट्याने शिष्य होता येत नाही, सोबत लागते, आणि ती सोबत पगारपत्रकावर उभी राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ च्या दरम्यान भागशः प्रसिद्ध होत होती, त्याच काळात जर्मनीत एक तरुण पाळक ह्याच प्रश्नाशी झगडत होता. डिट्रिख बोनहोफर. त्याला गांधीजींच्या आश्रमात राहून पाहायची इच्छा होती; १९३४ साली गांधीजींनी त्याला येण्याचे पत्रही पाठवले. पण तो आला नाही. हिटलरच्या राजवटीपुढे न झुकणाऱ्या मंडळीने फिंकेनवाल्ड इथे पाळक घडवण्याचे काम त्याच्यावर सोपवले. १९३७ साली गेस्टापोने ती शाळा बंद पाडली आणि त्याच साली त्याचे शिष्यत्वावरचे पुस्तक आले. त्याने अडथळ्याचे नाव घेतले तेव्हा लूथरच्या देशातल्या चर्चला ते झोंबले. त्याने म्हटले, आपल्याला अडवते आहे ती कृपाच. म्हणजे आपण स्वस्त करून ठेवलेली कृपा. क्षमा मिळते हे ठाऊक आहे, म्हणून बदलायचे कारण उरत नाही. बाप्तिस्मा आहे, प्रभुभोजन आहे, पण मागे चालणे नाही. धर्मातली सर्वांत चांगली गोष्टच सर्वांत मोठी आडकाठी झाली. क्लेमेंटची ती पळवाट शेवटी इथवर पोचली होती.

१९३९ साली त्याचे दुसरे छोटे पुस्तक आले, ते फिंकेनवाल्डमधल्या एकत्र जीवनावर. एकत्र प्रार्थना, एकत्र काम, एकमेकांपाशी पापाची कबुली. हे दुसरे पुस्तक पहिल्याइतके गाजले नाही, पण पहिले पुस्तक ह्या दुसऱ्याशिवाय अर्धे आहे. पुढे तुरुंगातून २१ जुलै १९४४ रोजी, हिटलरला मारण्याचा कट फसल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रात आपल्या शिष्यत्वाच्या पुस्तकातले धोके आता आपल्याला दिसतात असे कळवले. लिहिल्याचा पश्चात्ताप नाही, पण पवित्र माणूस बनण्याची धडपडसुद्धा माणसाला स्वतःभोवती फिरवत ठेवते, हे त्याला कळून चुकले होते. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसनबुर्गच्या छावणीत त्याला फाशी दिले.

श्रीमंत माणूस निघून गेल्यावर पेत्र विचारतो, आम्ही तर सगळे सोडले, आमचे काय? तेव्हा येशू जे वचन देतो त्याकडे मला लक्ष वेधायचे आहे. घर, भाऊ, बहीण, आई, शेत सोडणाऱ्याला ती शंभरपट मिळतील. आणि मार्क आवर्जून लिहितो की ह्याच काळात, छळासह. परलोकातली ही गोष्ट नव्हे. शंभर आया आणि शंभर घरे कुठून येणार? मंडळीतूनच. वचन देवाचे आहे, पण ते पुरे व्हायचे ते तुमच्या-आमच्या चुलीवर. कुणाला आपले घर सोडावे लागले आणि मंडळीत त्याला दुसरे घर मिळाले नाही, तर त्याच्या शिष्यत्वाला आलेला अडथळा आपण आहोत.

ही गोष्ट आज कुठे लागू पडते ते सांगतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यांत घेतले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यामुळे महारवाड्यातून, मांगवाड्यातून आलेल्या कुटुंबांत एक जुना प्रश्न दरवर्षी जूनमध्ये नव्याने उभा राहतो. मुलाचा दाखला काढायचा आहे, फीची सवलत हवी आहे, वसतिगृह हवे आहे. मग कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा. पाळकांना हे ठाऊक असते, मंडळीला ठाऊक असते, आणि कुणी बोलत नाही. बाबा पदमनजींची मोजपट्टी लावली तर ह्यांना निकदेम म्हणून मोकळे होता येईल. मला ते जमत नाही. बाबांसमोर लोकलज्जा होती. ह्यांच्यासमोर पोराचे शिक्षण आहे, आणि दलिताचे दलितपण पाण्यात बुडवल्याने धुऊन जात नाही हे रोज अनुभवणारा समाज आहे. कायदा अन्यायाचा आहे असे मी मानतो आणि तो बदलावा ह्यासाठी चाललेली धडपड योग्य आहे. तरीही दुहेरी जगण्याने माणूस आतून झिजतो, मुलाला आपला विश्वास खालच्या आवाजात बोलायची सवय लागते, हेही खरे आहे.

अशा कुटुंबाला व्यासपीठावरून किंमत मोजायला सांगणे फार सोपे आहे. सांगणाऱ्याची मुले बहुधा शिकून झालेली असतात. त्याऐवजी मंडळीने ती फी भरायला हवी. आमच्या कित्येक मंडळ्यांकडे मिशनच्या काळातल्या जमिनी आहेत, इमारती आहेत, आणि त्यांच्यावरून कोर्टात चाललेले दावे आहेत. वकिलांच्या फीला पैसा निघतो. तोच पैसा दाखल्याच्या वेळी दारात येऊन उभा राहिला तर एखादा बाप आपल्या मुलाचा धर्म कागदावर खरा लिहू शकेल. एखादा तरीही लिहिणार नाही, आणि त्याला प्रभुभोजनाच्या मेजावरून कुणी वेगळे काढू नये. टिळकांच्या दरबारात त्याला जागा होती.

दृढीकरणाच्या वर्गात आम्ही मुलांकडून प्रश्नोत्तरे पाठ करून घेतो. त्या वर्गात रमाबाईंची साक्ष आणि ‘स्मृतिचित्रे’तली ती रात्र वाचायला ठेवावी, आणि मुलांबरोबर त्यांच्या आयांनाही बसवावे. वाचून झाल्यावर त्या आयांना विचारावे की तुमच्या घरात कुणी काय सोडले आणि त्याची झळ कुणाला लागली. वाडीवरच्या पहिल्या पिढीतल्या आज्या आता नाहीत, पण त्यांच्या सुना, नाती आहेत; बलुते बंद झालेल्या वर्षी चूल कशी पेटली हे त्यांनी ऐकलेले आहे. ते लिहून घ्यायचे काम ह्याच वर्षी हाती घेता येईल, आणि त्याला कोणत्याही कोर्टाची परवानगी लागत नाही.